मवाली हा शब्द मावळ्यांवरून आलेला नाही, मग आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गडावर ट्रेकला गेलेल्या मुलाला तिथल्या गाईडने सांगितलं, की शिवरायांच्या मावळ्यांना बदनाम करायला इंग्रजांनी 'मवाली' हा शब्द काढला. त्याच ग्रुपमधला दुसरा म्हणाला, 'गुंडा' पण तसाच आहे, बस्तरच्या गुंडा धूर या आदिवासी क्रांतिकारकाच्या नावावरून इंग्रजांनी ती शिवी केली. हे खरं आहे का, असं त्या ट्रेकला गेलेल्या मुलाने विचारलंय.

दोन्ही खरं नाहीये. पण नुसतं नाही म्हणून सोडून दिलं तर उपयोग नाही, कारण खरी गोष्ट या दोन्ही कथांपेक्षा खूप मोठी आहे आणि ती माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. मी २६ वर्षं कोर्टात भाषांतरकार होतो, मराठी साक्षीजबाब इंग्रजीत आणि इंग्रजी ऑर्डरी मराठीत, हेच काम. मवाली, गुंड, दादा, टपोरी, लोफर हे शब्द माझ्या टेबलावरून रोज गेलेत आणि एकेका शब्दावरून कोर्टात अर्धा अर्धा तास वाद झालेलेही बघितलेत.

आधी मावळा. मावळ म्हणजे पुण्याच्या पश्चिमेची खोरी, सूर्य मावळतो ती बाजू, तिथला तो मावळा, आणि विशेषण मावळी. आता नीट उच्चारून बघा. मावळीत 'मा' दीर्घ आहे, 'व' ऱ्हस्व आहे आणि शेवटी ळ आहे. मवालीत 'म' ऱ्हस्व, 'वा' दीर्घ आणि ल. हिंदीवाले ळ चा ल करतात हे मान्य, टिळकांचं तिलक करतात, लोणावळ्याचं लोनावला करतात, पण त्यात काना इकडचा तिकडे जात नाही. मावळीचं हिंदीत फार तर 'मावली' होईल, 'मवाली' कसं होईल? आणि मराठी माणूस स्वतः तर ळ कधीच असा सहजासहजी सोडत नाही. आपल्याकडे मवाळ पण आहे, जहाल-मवाळ मधला, तो मऊ वरून आलेला, त्याचाही मवालीशी काही संबंध नाही, तिथेही ळ आणि ल वेगवेगळे उभे आहेत.

मग ही कथा निघाली कुठून? माझा अंदाज आहे की रोमन स्पेलिंगमुळे. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात मावळ्यांचं स्पेलिंग जे केलंय ते आज वाचलं तर 'मवुली' की 'मवाली' असं वाटावं असंच आहे, कारण त्या काळात ऱ्हस्व अ साठी इंग्रज लोक यू अक्षर वापरायचे आणि ळ साठी त्यांच्याकडे अक्षरच नव्हतं. पण तोच ग्रँट डफ मावळ्यांबद्दल लिहितो तेव्हा शिवाजी महाराजांचं कसलेलं पायदळ म्हणूनच लिहितो, मावळे आणि कोकणातले हेटकरी अशी जोडी लावून. म्हणजे स्पेलिंग गोंधळाचं आहे पण शिवी कुठेच नाही.

आता खरा मवाली. हा शब्द अरबी आहे आणि जुना आहे, इंग्रज मुंबईत यायच्या हजार वर्षं आधीचा. अरबीत मौला आणि त्याचं अनेकवचन मवाली. मौला या शब्दाची गंमत बघा, त्याचा अर्थ धनीही होतो आणि त्या धन्याच्या आश्रयाला असलेला माणूसही होतो, मुक्त केलेला गुलामही होतो. मुळात अर्थ जवळीक, नातं, आधार. उमय्या खलिफांच्या काळात, म्हणजे ६६१ ते ७५०, जे इराणी, आर्मेनियन वगैरे अरब नसलेले लोक मुसलमान झाले त्यांना कुठल्या तरी अरब टोळीचं आश्रित म्हणून नाव लावून घ्यावं लागायचं, त्यांना मवाली म्हणत. धर्म तोच, पण मान कमी, सैन्यात भत्ता कमी, कित्येकांकडून मुसलमान झाल्यावरही जिझिया घेतला जायचा. इराकमधल्या कूफा शहरात ६८५ साली मुख्तार नावाच्या पुढाऱ्याने बंड केलं त्यात हे मवाली मोठ्या संख्येने होते, आणि पुढे ७५० मध्ये उमय्यांची सत्ता गेली त्यातही त्यांचा हात होता. आणि हे नुसते भांडणारे लोक नव्हते बरं का. अरबी भाषेचं पहिलं मोठं व्याकरण ज्याने लिहिलं तो सीबवैह, बसऱ्याचा, मूळचा इराणी, तो स्वतः एका अरब टोळीचा मौला होता. म्हणजे अरबांना अरबी व्याकरण शिकवणारा माणूस कागदोपत्री मवाल्यांतला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती तरी वेळ पुस्तक तसंच उघडं ठेवून बसलो होतो.

याच धातूतून मराठीत किती शब्द आलेत बघा. मौला, मौलवी, मौलाना तर आहेतच. अवलिया त्यातलाच, वली चं अनेकवचन. विलायत त्यातलीच, आधी अर्थ एखाद्याच्या अंमलाखालचा मुलूख, मग परमुलूख, मग थेट इंग्लंड. आणि 'त्याला कोणी वाली नाही' म्हणतो त्यातला वाली, तो पण तिथूनच. म्हणजे संत, इंग्लंड, पालनकर्ता आणि रस्त्यावरचा टवाळ हे चारही आपल्या भाषेत एका घरचे.

अजून एक, अनेकवचनाचं. अरबीत मवाली म्हणजे पुष्कळ लोक, आपल्याकडे एकच माणूस. हे आपण नेहमी केलंय. उमराव हे अमीरचं अनेकवचन, नवाब हे नायबचं, असामी म्हणजे मुळात 'नावं', आणि आपण म्हणतो 'ती एक बडी असामी'. घोळका आला, त्यातला एकेक माणूस आपण बाजूला काढला आणि घोळक्याचंच नाव त्याला दिलं.

अरबस्तानातून फारसीत आणि फारसीतून इकडे दरबारी भाषेत येताना शब्दाचा अर्थ हळूहळू घसरला. फारसी-उर्दूत 'अहाली-मवाली' अशी जोडी आहे, म्हणजे एखाद्या बड्या माणसाच्या मागेपुढे असणारा लवाजमा, घरचे, नोकर, होयबा, जेवणाच्या वेळी हमखास हजर असणारे. हिंदीत आजही 'हाली-मवाली' म्हणतात, अमक्याचे हाली-मवाली आले, म्हणजे त्याची चमचे मंडळी आली. इथे अजून गुन्हा नाहीये. फक्त रिकामटेकडेपणा आहे आणि दुसऱ्याच्या जोरावर मिजास आहे. पण ज्याच्या जोरावर ही मिजास चालायची तो सरदार, तो वाडा, ती जहागीर एकोणिसाव्या शतकात संपत गेली, आणि लवाजम्यातला माणूस रस्त्यावर आला. धनी गेला, मिजास राहिली. मवालीचा आजचा अर्थ मला तरी इथेच जन्मलेला दिसतो.

मुंबईत तो पक्का झाला. त्या काळच्या मुंबईची मोहरमची मिरवणूक डोळ्यासमोर आणा, मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या, ताबूत, रात्रभर ढोल, व्यापाऱ्यांकडून वर्गणी, एका टोळीने दुसरीच्या गल्लीतून जायचं की नाही यावरून मारामाऱ्या. आणि यात फक्त मुसलमानच असायचे असं समजू नका, १८९३ च्या दंगलीपर्यंत हिंदूही मोठ्या संख्येने ताबुतांत नाचायचे, पुण्यातही आणि मुंबईतही. या टोळ्यांच्या कडेकडेने जी पोरं असायची, वर्गणी उकळणारी, दंगा सुरू झाला की पहिला दगड मारणारी, त्यांना गल्लीतलेच लोक मवाली म्हणायचे. १९०९ ते १९१६ एस. एम. एडवर्ड्स मुंबईचा पोलीस कमिशनर होता, त्याच्या काळात १९११ च्या मोहरमला दंगल झाली, गोळीबार झाला, आणि नंतर नियम असे आवळले गेले की त्या टोळ्यांचा जुना थाट गेला. शब्द मात्र राहिला, आणि सगळ्यांसाठी राहिला, मग गिरगावातला असो, परळचा असो नाही तर डोंगरीचा. आज मराठीत मवाली म्हणताना कोणी जात-धर्म बघत नाही, ही त्या शब्दाची जमेची बाजू म्हणायला हवी.

आता एक अनुभव सांगतो, त्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही.

चाळीतल्या एका मारामारीची केस होती. साक्षीदार म्हणून सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीत औषधाच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली. त्या म्हणाल्या, "तो मवाली रोज आमच्या जिन्यात बसायचा." मी सवयीने इंग्रजीत 'रफियन' सांगितलं. आरोपीचे वकील लगेच उठले, की साक्षीदार असं म्हणालीच नाही, रफियन म्हणजे हिंसक माणूस, मवाली म्हणजे काय ते आधी तिलाच विचारा. मला तेव्हा राग आला होता, पण वकिलांचं बरोबर होतं. जजसाहेबांनी विचारलं, "आजी, मवाली म्हणजे कोण?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "साहेब, ज्याला कोणी वाली नाय, तो मवाली. घरात कोण विचारत नाय म्हणून दुसऱ्याच्या जिन्यात बसतो." "त्याने कधी कोणाला मारलं का?" "नाय. मारला तो दुसऱ्याने. हा नुसता बसायचा."

त्या एका उत्तराने केस त्या मुलापुरती बरीच हलकी झाली. जजसाहेबांनी सांगितलं की शब्द तसाच ठेवा आणि साक्षीदाराने दिलेला अर्थ पुढे लिहा. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत मी मवालीचं भाषांतर कधीच केलं नाही, शब्द आहे तसा अवतरणात टाकायचो आणि साक्षीदाराला काय म्हणायचंय ते विचारून लिहायचो.

घरी येऊन कोश काढला आणि बघितलं तर वाली आणि मवाली खरंच एका धातूचे. आजींना अरबी कुठून येणार, त्यांनी फक्त नाद जुळवला होता. पण अर्थ अगदी उलटा झाला होता. बसऱ्यातला मवाली म्हणजे ज्याला कुणाचा तरी आधार आहे तो, आणि चाळीतल्या आजींचा मवाली म्हणजे ज्याला कुणाचाच नाही तो.

आता गुंड. बस्तरच्या गुंडा धूरबद्दल आदर ठेवूनच बोलतो, १९१० च्या भूमकाल या उठावाचा तो मोठा नेता, नेतानार गावचा, इंग्रजांना शेवटपर्यंत सापडला नाही. पण गुंडा हा शब्द वाईट चालीचा माणूस या अर्थाने १९१० च्या आधीपासून हिंदीत होता, १८८४ च्या प्लॅट्सच्या उर्दू-हिंदी-इंग्रजी कोशात तो आहे. म्हणून नावावरून शिवी झाली असं म्हणता येत नाही, दोन्ही वेगवेगळे चालत आलेत. काही जण म्हणतात इंग्रजी 'गून' वरून गुंडा आला, तेही नाही. अमेरिकेत भाडोत्री मारामाऱ्या करणाऱ्याला गून म्हणायला लागले ते १९३० च्या दशकात, आणि बंगालमध्ये गुंडा कायदा झाला १९२३ साली.

मराठीत तर गुंड-गुंडा ही मुळात नावं आहेत, आणि प्रेमाची नावं आहेत. गुंडोपंत, गुंडाजी, गुंडू, कर्नाटकाकडे गुंडप्पा. देगलूरचे गुंडा महाराज वारकऱ्यांचे मोठे संत. आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे रिद्धपूरचे गुंडम राऊळ, म्हणजेच श्रीगोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू, तेराव्या शतकातले. मराठी गद्याची सुरुवात ज्या महानुभावांच्या लीळांपासून होते त्यात या गुंडम राऊळांचं चरित्र आहे, आणि आता मराठी भाषा विद्यापीठ पण रिद्धपूरलाच झालंय. कानडी-तेलुगूत गुंडू म्हणजे गोल दगड, गोळा. आपल्याकडे दगडाला गुंडा म्हणतात, गुंडी म्हणजे सदऱ्याची गोल बटणासारखी, गुंडाळणं आहेच. गोल, भरीव, टणक. बाळसेदार पोराला गुंडू म्हणतात ते यातूनच, आणि कोणाला न जुमानणाऱ्या टणक माणसाला गुंड म्हणणं मला याच्याच जवळचं वाटतं. जुन्या कागदपत्रांत पुंड असतो, पुंडपाळेगार असतो, म्हणजे सत्तेला न जुमानणारा, आणि बोलण्यात त्याला गुंड जोडला जातो, गुंडपुंड. गावगुंड हा शब्द तर अजूनही खेड्यात रोजचा आहे, आणि तो मवालीपेक्षा फार जड आहे हे लक्षात घ्या. मवाली जिन्यात बसतो, गावगुंड बांध कोरतो, विहिरीवर हक्क सांगतो आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी येत नाही.

कायद्याने या शब्दाचं काय केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचे परिणाम माणसांनी भोगलेत. १९२३ च्या बंगालच्या कायद्यात गुंडा म्हणजे कोण, तर हूलिगन किंवा तसलाच दांडगा माणूस. आता हूलिगन हा शब्द तरी काय होता, १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पेपरांत गाजलेला रस्त्यावरचा शब्द, बहुतेक एका आयरिश आडनावावरून निघालेला. म्हणजे कलकत्त्याच्या रस्त्यावरच्या शब्दाची व्याख्या लंडनच्या रस्त्यावरच्या शब्दाने केली, आणि त्यावर माणसाला शहराबाहेर काढायचे अधिकार दिले! १९४६ मध्ये आपल्या जवळचा, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि बेरारचा गुंडा कायदा झाला, तेव्हा राजधानी नागपूर होती आणि विदर्भ त्यातच होता. त्यातही तीच व्याख्या, हूलिगन, दांडगा किंवा भटक्या, शिवाय सार्वजनिक शांततेला धोकादायक असा कोणीही. 'भटक्या' हा शब्द कायद्यात वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, कारण ज्या जमातींचं आयुष्यच भटकंतीत गेलं त्यांचं काय?

तो कायदा सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६० साली रद्द झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर, आपले साताऱ्याचे, पुढे सरन्यायाधीश झाले. मुद्दा अगदी साधा होता, की अमुक माणूस गुंडा आहे हे ठरवायची कसोटीच कायद्यात दिलेली नाही, आणि तो गुंडा आहे की नाही यावर त्याचं म्हणणं ऐकून निर्णय करायची सोयही नाही, मॅजिस्ट्रेटला वाटलं की झालं. मग त्याला राहत्या ठिकाणाहून काढलं तर हिंडण्याफिरण्याच्या आणि राहण्याच्या मूलभूत हक्काचं काय? मी नवीन भाषांतरकारांना हा निकाल वाचायला द्यायचो. बाकी काही शिका न शिका, एक मोघम शब्द कायद्यात बसला की काय होतं हे त्यातून कळतं.

आपल्याकडे तडीपारी आहे, मुंबई पोलीस कायदा १९५१ (आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा), कलमं ५५, ५६, ५७, जास्तीत जास्त दोन वर्षं. तिथे 'गुंड' या शब्दावर नोटीस चालत नाही, काय केलं ते लिहावं लागतं. नंतर १९८१ चा कायदा आला ज्याला पेपरवाले झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात, आणि अशा रीतीने दादा पण त्या रांगेत आला.

दादाबद्दल थोडंच लिहितो कारण सगळ्यांना माहितीय. मोठा भाऊ, आदराचा शब्द. गिरणगावात तालीम चालवणारा, पोरांना कुस्ती शिकवणारा, कोणाला खोली मिळवून देणारा, कोणाची उधारी वसूल करणारा तो दादा. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी गिरणी कामगारांच्या वस्त्यांवर जे काम केलंय त्यात दिसतं की संपाच्या वेळी दादा दोन्ही बाजूंना असायचे, मालकाकडेही आणि कामगारांकडेही. वस्तीला त्याची भीतीही होती आणि गरजही होती, म्हणून तर शिवी न देता नात्याचा शब्द दिला. मग त्याला गिरी लागली, मुलूखगिरीतली तीच फारसी गिरी, आणि दादागिरी झाली. पुढे भाईचं तेच झालं.

टपोरी, लोफर हे हलके शब्द आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. पण हल्ली पोरं 'छपरी' म्हणतात त्याबद्दल मात्र बोलायला हवं. छपरी म्हणजे गवताचं किंवा पत्र्याचं छप्पर टाकून केलेली जागा, घराला जोडलेली पडवी. म्हणजे मवालीत निदान वागणुकीवर बोट होतं, यात माणूस कशा छपराखाली राहतो त्यावर आहे. केस रंगवले, बाईकवर तिघं बसले, व्हिडिओ टाकला, इतक्यावर त्याला छपरी म्हणायचं. माझ्या नातवाला मी हे समजावून सांगितलं, त्याने तो शब्द सोडला.

आता ज्याने प्रश्न विचारला त्याच्यासाठी एक कामाची गोष्ट. जुन्या इंग्रजी कागदात मवालीसारखं काही स्पेलिंग दिसलं तर आधी साल बघ आणि आजूबाजूची नावं बघ. शेजारी हेटकरी, किल्ले, खोरी असतील तर तो मावळी आहे, आणि शेजारी मोहल्ला, ताबूत, पोलीस चौकी असेल तर तो मवाली आहे. शक्य असेल तर त्याच काळातला मोडी कागद कोणाकडून तरी वाचून घे, कारण मोडीत ळ आणि ल वेगळे असतात. गाईडला पण हे सांग, तो बहुतेक मनापासून सांगत असेल, त्याला कोणी तरी असंच सांगितलेलं असणार.